रणगाडाभेदी क्षेपणास्त्राचा वाहक : ‘नामिका’ आणि तिच्या रचनेतील सुधारणा

१. जीपवरील तोफ

सन १९६५ च्या सप्टेंबर महिन्यात पंजाबातील खेमकरणच्या परिसरात रणगाड्यांची एक मोठी लढाई झाली. चौथ्या ग्रेनेडिअर्स पलटणीतील कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्याजवळ त्या वेळी एक उघडी जीप होती व तिच्यावर १०६ मिलिमीटरची धक्कारहित तोफ बसविलेली होती. समोरून पॅटन रणगाडे चाल करून येत होते. हमीद उसाच्या व पिकांच्या आडोशाने जीप नेत, जवळ येऊ देऊन नेम धरीत, आणि गोळा सुटला की तत्काळ जागा बदलीत. या रीतीने त्यांनी अनेक रणगाडे निकामी केले. १० सप्टेंबर रोजी मात्र शत्रूच्या गोळ्याने जीप उद्ध्वस्त होऊन त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

या प्रसंगाकडे केवळ शौर्यकथा म्हणून न पाहता अभियंत्याच्या दृष्टीनेही पाहता येईल. धक्कारहित तोफेचा धक्का नाहीसा होतो, याचे कारण तिच्यातील वायूचा एक लोट मागच्या बाजूने बाहेर सोडलेला असतो. हा लोट धूळ व धूर उडवितो आणि तोफेची जागा शत्रूला तत्काळ कळते. परिणामकारक पल्ला सुमारे एक किलोमीटरच असल्यामुळे तोफचीला रणगाड्याच्या अगदी समीप जावे लागते. शिवाय जीपला चिलखत नसते. म्हणजे रणगाड्याशी सामना देणाऱ्या माणसापुढे तीन अडचणी उभ्या राहतात : त्याला जवळ जावे लागते, नेम धरीत असताना उघड्यावर थांबावे लागते, आणि मार केल्यावर त्याची जागा प्रकट होते. रणगाडाभेदी शस्त्रांचा पुढील सारा विकास या तीन अडचणी कमी करण्याच्या प्रयत्नांतून झाला आहे. ‘नाग’ हे क्षेपणास्त्र व त्याची वाहक गाडी ‘नामिका’ ही या मालिकेतील भारतीय पायरी होय.

२. तारेने बांधलेले क्षेपणास्त्र

पल्ला वाढविण्याचा पहिला मार्ग म्हणजे गोळ्याऐवजी मार्गदर्शित क्षेपणास्त्र वापरणे. १९७० साली हैदराबाद येथे भारत डायनॅमिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिने प्रथम हाती घेतलेले उत्पादन म्हणजे मूळ फ्रेंच बनावटीचे एसएस-११ हे क्षेपणास्त्र. ते उडत असताना त्याच्यामागे एक बारीक तार उलगडत जाई आणि तोफची हातातील दांडीने त्याला डावे-उजवे, वर-खाली वळवीत असे. एकाच वेळी क्षेपणास्त्राकडे व रणगाड्याकडे लक्ष ठेवावे लागे. त्यासाठी दीर्घ सराव हवा असे.

त्यानंतर आलेल्या ‘मिलान’ व ‘कोंकूर्स’ या क्षेपणास्त्रांत काम थोडे सोपे झाले. दुर्बिणीतील फुली रणगाड्यावर धरून ठेवली म्हणजे पुरे. क्षेपणास्त्र त्या रेषेवर ठेवण्याचे काम यंत्र करते. तार मात्र राहिलीच आणि तिच्याबरोबर तोफचीचे बंधनही राहिले. कोंकूर्सचा पल्ला चार किलोमीटर आहे व तेवढे अंतर काटण्यास त्याला सुमारे वीस सेकंद लागतात. वीस सेकंद हा काळ घड्याळात अल्प वाटतो. परंतु शत्रूच्या दृष्टिपथात स्थिर राहून, फुली न हलविता, ते वीस सेकंद मोजणाऱ्यास तो फार मोठा असतो. या अवधीत शेजारच्या दुसऱ्या रणगाड्याने तोफ वळवून गोळा झाडल्यास गाडी तर जातेच, शिवाय दिशा देणारा उरला नाही म्हणून सुटलेले क्षेपणास्त्रही वाया जाते.

३. ‘नाग’चे स्वरूप

१९८३ साली भारतात एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे त्याचे प्रमुख होते. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग अशी पाच क्षेपणास्त्रे या कार्यक्रमात अंतर्भूत होती. नागचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९९० मध्ये झाले. त्याचे वजन सुमारे ४३ किलोग्रॅम असून पल्ला ५०० मीटरपासून ४ किलोमीटरपर्यंत आहे.

नागचे मुख्य वैशिष्ट्य असे की, त्याला तार नाही. त्याच्या अग्रभागी अवरक्त किरणांनी चित्र पाहणारा एक शोधक बसविलेला असतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकते. २७ अंश सेल्सियस, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०० अंश तापमानाची वस्तू सर्वांत अधिक ऊर्जा सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांत टाकते. हवा ८ ते १२ मायक्रोमीटर या पट्ट्यातील किरणांना बऱ्याच अंशी पारदर्शक असते. नागचा शोधक याच पट्ट्यात काम करतो. तोफची गाडीत बसून पडद्यावर रणगाडा निवडतो. त्याचे चित्र उड्डाणापूर्वीच शोधकाच्या स्मरणात पक्के केले जाते. आणि कळ दाबल्यानंतर क्षेपणास्त्र स्वतःच त्या चित्राचा पाठलाग करते. गाडीला त्याच क्षणी जागा बदलण्याची मोकळीक मिळते.

ही मोकळीक किती मोलाची आहे, हे एका लहानशा हिशेबावरून कळेल. नागचा वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर आहे. त्यामुळे चार किलोमीटर जाण्यास त्याला सुमारे १७ सेकंद लागतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणारा रणगाडा तेवढ्यात १७० मीटर पुढे जातो. वाहक गाडीही तशीच हलू शकते आणि शत्रूचे प्रत्युत्तर येईपर्यंत ती उंचवट्याआड गेलेली असते.

रणगाड्याचे चिलखत समोर जाड व माथ्यावर पातळ असते. म्हणून नाग आधी वर चढून नंतर माथ्यावर झेप घेऊ शकतो. त्याच्यात एकामागे एक असे दोन स्फोटभार आहेत. यांचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. काही रणगाड्यांवर स्फोटकांच्या पेट्यांचा बाह्य थर लावलेला असतो. बाहेरून मार बसताच या पेट्या स्वतः फुटतात व येणाऱ्या धातूच्या तीव्र धारेला विस्कळीत करतात. नागचा पुढचा लहान स्फोटभार ही पेटी आधीच फोडून टाकतो आणि मागचा मोठा स्फोटभार मोकळ्या झालेल्या चिलखतावर आपले काम करतो. त्याच्या इंजिनासाठी लागणारे धूर न करणारे घन प्रचालक पुण्यातील पाषाण परिसरातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाले. धूर नाही, म्हणजे सुटलेल्या अस्त्राचा माग काढीत गाडीपर्यंत पोचणेही कठीण झाले.

४. ‘सारथ’वरून ‘नामिका’

क्षेपणास्त्र कितीही चतुर असले, तरी ते रणभूमीवर आणणारी गाडी तितकीच सक्षम हवी. हैदराबादनजीकच्या मेदक आयुध निर्माणीत मूळ रशियन बनावटीच्या बीएमपी-२ या पायदळवाहू चिलखती गाडीची भारतीय आवृत्ती तयार होते. तिचे नाव ‘सारथ’. या गाडीचा सांगाडा नागच्या वाहकासाठी निवडण्यात आला. तिच्यावरील ३० मिलिमीटर तोफेचा फिरता बुरूज काढून त्याऐवजी वर उचलता व खाली घेता येईल असा चिलखती प्रक्षेपक बसविण्यात आला. नाग मिसाइल कॅरिअर या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून या गाडीला ‘नामिका’ म्हणतात. तिच्यात एकूण १२ क्षेपणास्त्रे राहतात. त्यांपैकी सहा प्रक्षेपकात सज्ज असतात व उरलेली आत साठविलेली असतात. गाडीत चार सैनिक असतात.

सारथचीच निवड का झाली, याची कारणे साध्या भौतिकशास्त्रात सापडतात. नामिकेचे भारासहित वजन साडेचौदा टन आहे. तिचे दोन पोलादी पट्टे मिळून जमिनीच्या सुमारे दोन चौरस मीटर पृष्ठभागावर टेकतात. वजनाला क्षेत्रफळाने भागले असता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलोग्रॅम इतका दाब येतो. साध्या मोटारीच्या चाकाखालील दाब याच्या तिपटीच्या आसपास असतो. सबब मोटार ज्या वाळूत रुतून बसते, तेथून नामिका सहज जाते. तिचे इंजिन सुमारे ३०० अश्वशक्तीचे आहे, म्हणजे प्रत्येक टनामागे वीस अश्वशक्ती येते. रणगाड्यांच्या बरोबरीने धावण्यास इतकी शक्ती पुरेशी आहे.

दुसरे कारण पाण्याचे. पंजाबचा प्रदेश कालव्यांनी व नद्यांनी छेदलेला आहे. प्रत्येक ठिकाणी पुलाची वाट पाहत बसल्यास वेळ निघून जाते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार साडेचौदा टनांची गाडी तरंगण्यासाठी तिच्या बुडालेल्या भागाने साडेचौदा घनमीटर पाणी बाजूस सारले पाहिजे. सारथचे पेटीसारखे अंग तेवढे पाणी सारते. पाण्यात तिचे पट्टेच वल्ह्यांचे काम करतात व ती ताशी सुमारे सात किलोमीटर वेगाने पुढे जाते.

या दोन गुणांनीच रचनाकारांच्या हातांना बंधन घातले. गाडीत काहीही नवे बसवायचे म्हटले की वजन वाढते. वजन वाढले की गाडी पाण्यात अधिक बुडते. नवे उपकरण उंचावर बसविले तर गुरुत्वमध्य वर सरकतो व उतारावर किंवा लाटेत कलंडण्याचा धोका वाढतो. नामिकेतील प्रत्येक सुधारणा या हिशेबातून पार पडावी लागली.

५. पहिली उणीव : एकच डोळा

सेनादलाने नागच्या व नामिकेच्या चाचण्या अनेक वर्षे घेतल्या. २०१० सालच्या चाचण्यांनंतर क्षेपणास्त्राबरोबर गाडीतही बदल हवेत, असे सेनादलाने सांगितले. त्यांतील प्रमुख मागणी होती वाहनप्रमुखासाठी स्वतंत्र दुर्बिणीची.

ही मागणी प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. पण हिशेब केला म्हणजे तिचे महत्त्व कळते. चार किलोमीटरवरील रणगाडा ओळखायचा तर दुर्बीण चांगली वर्धन करणारी हवी, आणि जितके वर्धन अधिक तितके दृश्यक्षेत्र अरुंद. समजा, तोफचीच्या दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र ३ अंशांचे आहे. चार किलोमीटरवर त्याला एका वेळी सुमारे २१० मीटर रुंदीची पट्टी दिसेल. परंतु त्या अंतरावरील पूर्ण वर्तुळाचा परीघ २५ किलोमीटर भरतो. म्हणजे सभोवारचा प्रदेश तपासण्यास १२० वेळा दुर्बीण सरकवावी लागेल. बांबूच्या नळीतून शेताची राखण करण्यासारखा हा प्रकार झाला. त्यातून तोफची एका रणगाड्यावर नेम धरीत असेल, तर तेवढा वेळ बाकीच्या सर्व दिशांना गाडी आंधळी राहते.

सुधारलेल्या नामिकेत वाहनप्रमुखाला सर्व दिशांना फिरणारी स्वतंत्र दुर्बीण देण्यात आली. तोफची एका लक्ष्यावर काम करीत असतानाच प्रमुख पुढचे लक्ष्य शोधू शकतो, बाजूने येणारा धोका पाहू शकतो आणि कोठे सरकावयाचे ते चालकाला सांगू शकतो. शोध व मारा ही दोन कामे एकामागून एक न होता एकाच वेळी होऊ लागली. उघड्यावर राहण्याचा काळ यामुळे घटला, आणि या शस्त्राच्या बाबतीत काळ घटणे म्हणजे प्राण वाचणे होय.

६. दुसरी उणीव : वाळवंटातील उष्णता

राजस्थानातील पोखरणच्या मैदानावर दुसरीच अडचण पुढे आली. अवरक्त शोधक वस्तूचे तापमान पाहत नाही. वस्तू व तिची पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरक पाहतो. हिवाळ्याच्या रात्री थंड वाळूवर उभा असलेला, इंजिनाने तापलेला रणगाडा त्याला स्पष्ट दिसतो. पण उन्हाळ्यातील दुपारी वाळू, खडक, झुडपे व रणगाडा सारेच तापलेले असतात आणि फरक फार थोडा उरतो. शिवाय लोखंड व वाळू यांच्या तापण्या-निवण्याची गती भिन्न असल्यामुळे सकाळ-संध्याकाळी अशी एक वेळ येते, जेव्हा दोहोंचे तापमान जवळजवळ सारखे होते. त्या वेळी रणगाडा चित्रातून जणू पुसला जातो. पांढऱ्या कागदावर खडूने लिहिलेले वाचण्यासारखीच ही अवस्था असते.

यावर एक उपाय म्हणजे शोधकाचे चित्र अधिक बारीक करणे. चार किलोमीटरवरून सात मीटर लांबीचा रणगाडा किती लहान दिसतो ते पाहा : एक किलोमीटरवरील पावणेदोन मीटर उंच माणूस आडवा झाला तर जेवढा दिसेल तेवढा. समजा, शोधकाच्या दृश्यक्षेत्राची रुंदी ४ अंश आहे व ती १२८ चौकटींत विभागली आहे. त्या अंतरावर प्रत्येक चौकट २.२ मीटरची होते व संपूर्ण रणगाडा आडव्या दिशेने जेमतेम तीन चौकटी व्यापतो. तीन चौकटींवरून रणगाडा व तापलेला खडक यांतील भेद करणे अवघड आहे. चौकटींची संख्या दुप्पट केली की रणगाड्याच्या वाट्याला सहा चौकटी येतात. उंचीतही दुप्पट येत असल्यामुळे एकूण माहिती चौपट होते. अधिक सूक्ष्म व अधिक संवेदनशील शोधक तयार करण्याकडे संशोधकांनी लक्ष वळविले ते यामुळेच. जुलै २०१९ मध्ये पोखरण येथे उन्हाळी हंगामातील चाचण्यांची मालिका झाली. तीत किमान व कमाल पल्ला तसेच माथ्यावरून हल्ला या साऱ्यांची परीक्षा घेण्यात आली व तीत नाग उतरला.

७. गाडी आणि अस्त्र यांची जुळणी

शोधक सुधारला तरी तोफचीने पाहिलेले लक्ष्य शोधकाच्या चित्रात नेमके आले पाहिजे. दुर्बीण गाडीवर एका ठिकाणी व क्षेपणास्त्र प्रक्षेपकात दुसऱ्या ठिकाणी. दोहोंच्या नजरेच्या रेषा समांतर असल्याच पाहिजेत. एक हजार मीटरवर एक मीटर, इतका अत्यल्प कोनीय फरक पडला तरी चार किलोमीटरवर चूक चार मीटरची होते. चालत्या इंजिनाचे हादरे, खडबडीत जमिनीवरून केलेला प्रवास, उन्हाने लोखंडाचे होणारे प्रसरण आणि वर उचललेल्या प्रक्षेपकाचे डुलणे ही सर्व कारणे असा फरक पाडण्यास समर्थ आहेत. म्हणून प्रक्षेपकाचे बाहू ताठ हवेत, तो वर गेल्यावर घट्ट जखडला गेला पाहिजे, आणि दुर्बीण व शोधक यांची चित्रे यंत्राने पडताळून पाहिली पाहिजेत. लक्ष्य एका नजरेकडून दुसऱ्या नजरेकडे सोपविण्याची ही क्रिया बिनचूक झाली, तरच कळ दाबण्यास अर्थ उरतो.

प्रक्षेपक वर-खाली होणारा ठेवण्यातही विचार आहे. तो खाली असताना गाडी बुटकी राहते, क्षेपणास्त्रे चिलखताआड राहतात व गुरुत्वमध्य खाली असतो. वर उचलला म्हणजे गाडीचे अंग टेकाडाआड ठेवून केवळ माथा बाहेर काढता येतो. अब्दुल हमीद यांनी पिकांच्या आडोशाने जे साधण्याचा प्रयत्न केला, तेच येथे यंत्ररचनेने साधले आहे.

८. आजची स्थिती

२२ ऑक्टोबर २०२० रोजी पहाटेनंतर थोड्याच वेळात पोखरणच्या मैदानावर नामिकेतून खऱ्या स्फोटभारासह नाग सोडण्यात आला व त्याने ठरलेले लक्ष्य भेदले. ही सेनादलाची अंतिम चाचणी होती. आयुध निर्माण्यांची पुनर्रचना होऊन १ ऑक्टोबर २०२१ पासून मेदकचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आला. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पट्ट्यांवर चालणाऱ्या या नाग प्रणालीसाठी त्या कंपनीशी १,८०१.३४ कोटी रुपयांचा करार केला. त्यापूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, नागच्या दुसऱ्या आवृत्तीच्या चाचण्या पोखरण येथे यशस्वी झाल्या व त्याच वेळी नामिकेच्या दुसऱ्या आवृत्तीचीही मैदानी परीक्षा घेण्यात आली. ही गाडी मुख्यतः यांत्रिक पायदळाच्या उपयोगाची असून त्या दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे आहे.

९. उपसंहार

पहिल्या उड्डाणापासून या करारापर्यंत चौतीस वर्षे गेली. हा काळ मोठा आहे, आणि त्याबद्दल टीकाही झाली. एखादे यंत्र प्रयोगशाळेच्या अंगणात चालणे आणि तेच यंत्र ज्येष्ठातल्या वाळवंटात, थकलेल्या सैनिकाच्या हातात, शत्रूच्या नजरेसमोर चालणे यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर चाचण्यांनीच कापावे लागते. चाचणीत आढळलेला दोष हा अपयशाचा दाखला मानून दडवावयाचा नसतो. तो रणांगणावर आढळला असता तर त्याची किंमत चार माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली असती, हे ध्यानात ठेवावयाचे असते.

नामिकेच्या सुधारणांचा आढावा घेतला तर त्यांतून एकच सूत्र दिसते. गाडीला दुसरा डोळा मिळाला, अस्त्राची नजर तीक्ष्ण झाली, दोहोंची जुळणी पक्की झाली. आणि या प्रत्येक बदलाने सैनिकाला उघड्यावर थांबावे लागणारे काही क्षण कमी केले. १९६५ साली खेमकरणच्या शेतात एका हवालदाराने जे क्षण आपल्या धैर्याच्या बळावर काढले, ते पुढील पिढीतील सैनिकाला काढावे लागू नयेत, हेच या साऱ्या गणिताचे उत्तर होय.